बाबांचं पूल पार्लर बंद केलं, त्याची हकिगत

उघडायला बाबांना अकरा दिवस लागले होते, असं आई सांगते. बंद करायला मला नोव्हेंबर ते मार्च लागले. मध्ये ज्याला विचारावं तो धंदा सुरू कसा करायचा, कर्ज कुठे मिळतं, सबसिडी किती हेच सांगायचा. बंद कसा करायचा ते सांगणारा कुणी भेटला नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. दुकान कसलंही असो, ते वडिलांच्या नावावर असेल आणि वडील आता नसतील, तर यातलं बरंचसं तुमच्याही वाट्याला येईल.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. बसस्थानकामागे एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, होतं. ते बंद पडलं तेव्हा त्याच्या गोदामाचा अर्धा भाग बाबांनी भाड्याने घेतला आणि नागपूरच्या एका क्लबाने काढून टाकलेलं बारा फुटी स्नूकर टेबल ८५ हजारांना उचलून आणलं. साल १९९८. एस.टी.तून लवकर निवृत्ती घेऊन मिळालेले पैसे या माणसाने दगडात घातले, असं नातेवाईक म्हणायचे, आणि ते शब्दशः खरंच होतं, कारण हिरव्या कापडाखाली टेबलाला दगडाच्या पाट्याच असतात. २००४ मध्ये आठ फुटी दोन पूल टेबलं आली, बोर्डवर 'पूल पार्लर' असं रंगवून घेतलं, तरी गावाच्या तोंडी शेवटपर्यंत 'स्नूकर'च राहिलं. "कुठी हायेस बे?" "स्नूकरवर."

भिंतीवर विल्सन जोन्स यांचा मासिकातून कापलेला फोटो होता. पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला, हे बाबा प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचे. त्याहून आवडीची गोष्ट जबलपूरची. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने स्नूकरचा खेळ जुळवला. पुढे पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा. "इंग्लंडचा नाई, आपल्या बाजूचा खेळ हाये हा. नागपूरहून सरळ रस्ता जाते जबलपूरले," असं म्हणून बाबा हाताने रस्ता दाखवायचे. हात मात्र नेहमी दारव्ह्याच्या दिशेने जायचा.

गावात जागेचं नाव चांगलं नव्हतं, हेही सांगायला हवं. स्नूकरवर जाणारा पोट्टा म्हणजे वाया गेलेला, असा हिशोब होता. बाबांनी नियम लिहून लावले होते: शाळेच्या कपड्यात प्रवेश नाही, पैजेचा खेळ नाही, टेबलावर बसायचं नाही, खर्रा (तंबाखू-सुपारी) बाहेर. हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे, एवढीच काय ती पैज. सव्वीस वर्षांत बायका आत आल्या त्या मोजून पाच वेळा, आणि पाचही वेळा मुलाचा कान धरून न्यायला. मुलींना यावंसं वाटेल अशी ती जागा आम्ही कधी केली नाही. त्याचं मला आता जास्त वाटतं.

बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. आधीच्या वर्षीच्या टाळेबंदीत टेबलांवर चादरी पडलेल्याच होत्या. माझं कृषी केंद्र आहे, त्यामुळे संध्याकाळी तासभर मी जाऊन बसायचो. बाकी सगळं आमचे मार्करकाका बघायचे. एकोणीस वर्षं तेच स्कोअर लिहिणार, तेच कापडाला ब्रश मारणार, उधारीही त्यांच्याच डोक्यात. स्नूकरचा दर तासाला १२० झाला होता, पूलचा ८०. बरा दिवस गेला तर हजार-बाराशे यायचे. सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकलं जात असताना संध्याकाळी १२० रुपये खर्चावेत असं कुणाच्या मनात येणार? पोरांच्या हातात फोन होता आणि फोनवर पूल फुकट होता.

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. दोन्ही बहिणी आलेल्या. ओवाळणं झालं आणि गोदामाच्या मालकाचा मुलगा फराळाचा डबा घेऊन आला. डबा ठेवून म्हणाला, "दादा, जागेवर प्लॉट पाडून राह्यलो. ३१ जानेवारीपर्यंत खाली करून द्या." नोटीस नाही, भांडण नाही. त्याच्या वडिलांनी आणि बाबांनी भाड्यावरून कधी कागद केला नव्हता. १५ हजारांची अनामत दिल्याची पावतीही नव्हती. ती रक्कम त्याने स्वतःहून काढली आणि चावी देताना परत करीन म्हणाला. त्याने शब्द पाळला, हे आत्ताच सांगून टाकतो.

त्या दिवशी एक चूक झाली. दोन्ही बहिणी घरात होत्या. एकेक सही घेतली असती तर पुढचा महिना वाचला असता. पण सही लागते हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताई हिंगणघाटला गेली आणि धाकटी अकोल्याला.

नोव्हेंबर तसाच गेला. विधानसभेची निवडणूक २० तारखेला होती, ज्याच्याकडे जावं तो ड्युटीवर. तहसीलमध्ये "साहेब इलेक्शनमध्ये आहेत, २५ नंतर या" असं सांगितलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी २५ ला, सोमवारी, गेलो. काम होतं करमणुकीच्या जुन्या परवान्याचं. बाबा दर महिन्याला टेबलांवरचा करमणूक कर चलानाने भरायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो कर त्यात विरघळला. आमची उलाढाल सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेपासून कोसभर लांब, त्यामुळे जीएसटीची नोंदणी करायची वेळच आली नाही. पण परवाना कागदावर तसाच होता. तिथल्या बाईंनी दोन कपाटं उघडली, फाइल सापडली नाही. मग त्यांनीच सुचवलं, की साधा अर्ज लिहा, धंदा ३१ डिसेंबरपासून बंद करतो आहे, सोबत शेवटच्या चलानाची झेरॉक्स जोडा.

इथे एक गोष्ट शिकलो ती पुढे चार ठिकाणी कामाला आली. अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्यायचा, आणि शिक्का फिका उठला तर लाज न बाळगता पुन्हा मारायला सांगायचं. माझ्या पहिल्या प्रतीवर तारीखच उमटली नव्हती. ते घरी आल्यावर दिसलं आणि दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

डिसेंबर पूर्ण विजेच्या मीटरने खाल्ला.

मीटर बंद करणं म्हणजे आमच्याकडे 'पी.डी. करणं', पर्मनंट डिस्कनेक्शन. वायर कापली म्हणजे झालं, असं मला वाटायचं. तसं नसतं. कायमचा बंद करण्याचा अर्ज दिला नाही तर वापर शून्य असला तरी स्थिर आकार दर महिन्याला लागतच राहतो, आणि आमचं मीटर व्यावसायिक दराचं. शिवाय सुरक्षा ठेव अडकून पडते. ती किती आहे हे बिलावरच छापलेलं असतं. मी साडेतीन वर्षं बिलं भरली आणि तो रकाना एकदाही वाचला नव्हता. ६,८७० रुपये होते.

काउंटरवरच्या पोराने नाव विचारलं, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "हे तुम्ही नाही नं?" मीटर बाबांच्या नावावर. त्यांच्या मृत्यूनंतर नाव बदलून घ्यायला हवं होतं, ते मी केलं नाही. त्याने मागच्या कोऱ्या कागदावर यादी लिहून दिली: मृत्यूचा दाखला, आईचं आणि दोन्ही बहिणींचं संमतीपत्र, सगळ्यांची आधार कार्डं, माझ्या खात्याचा रद्द केलेला चेक, भरलेलं शेवटचं बिल, आणि अनामत भरल्याची मूळ पावती. पावती नसेल तर स्टॅम्प पेपरवर हमीपत्र.

पावती १९९८ ची. मी कपाट उपसलं, ट्रंक उपसली, बाबांच्या एस.टी.च्या पिशवीत तिकिटांच्या बुडख्यांपर्यंत सगळं सापडलं. आई पाटावर बसून बघत होती. "तुह्या बाबानं कुठी ठेवली असन, मले काय मालूम. तेयले कागद दिसला का खिशात, अन् खिशातला कागद दिसला का कुठीबी!"

शेवटी हमीपत्र केलं. ऑक्टोबरपासून १०० च्या स्टॅम्पवरची कामं ५०० वर गेली होती, त्यामुळे ५०० चा स्टॅम्प, लिहिणावळ आणि नोटरी मिळून ८५० रुपये गेले. सह्यांसाठी एका रविवारी हिंगणघाट आणि पुढच्या रविवारी अकोला. ताईने सही करण्याआधी कागद तीनदा वाचला. "फक्त मीटरच आहे नं यात?" मी म्हटलं, हो गं. तिला राग नव्हता, पण वडिलांच्या नावाच्या कागदावर सही करताना माणूस तीनदा वाचतो. बरोबर आहे. संमतीपत्रात ग्राहक क्रमांक आणि 'फक्त सुरक्षा ठेवीपुरते' एवढे शब्द घाला, म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही.

२४ डिसेंबरला अर्ज घेतला गेला. इथे दुसरी चूक. मीटर कधी काढायचं ते अर्जात लिहिलंच नाही, आणि ३ जानेवारीला लाइनमन येऊन काढून घेऊन गेला. टेबलं अजून उभी होती. काढण्याआधी रीडिंगचा फोटो मात्र घेतला होता, तो अंतिम बिलाच्या वेळी उपयोगी पडला.

त्याआधीची शेवटची संध्याकाळ, २९ डिसेंबर, रविवार. मी कुणाला बोलावलं नव्हतं, मार्करकाकांनीच फोन फिरवले होते. पुणे-नागपूरहून सुट्टीला आलेले, एक तर पोलिसात लागलेला, दोन शिक्षक, बाजार समितीतले अडते. पोटं सुटलेली, केस गेलेले, आणि आत आल्या आल्या सगळे पंधरा वर्षांचे. भारनियमनाच्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. तेव्हा आम्ही गॅसबत्ती टांगून खेळायचो आणि त्या उजेडात तपकिरी बॉल लालसारखा दिसायचा. लाल समजून तपकिरी मारला की चार गुणांचा फाऊल, आणि त्यावरून भांडण.

टेबलाच्या ढाळाबद्दल इथेच सांगतो. गोदाम काळ्या मातीवर उभं होतं. आमची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. तिच्यावरच्या भिंती तडकतात, फरश्या उचलतात. टेबलही दर वर्षी हलायचं. पूर्वी दिवाळीनंतर नागपूरहून टेबलं जुळवणारे एक चाचा येऊन पाणसळ लावून लेव्हल करून जायचे. २०१५ नंतर तो खर्च आम्ही बंद केला आणि टेबल डाव्या मधल्या पॉकेटकडे ओढू लागलं. हळू मारलेला बॉल शेवटच्या वीतभर अंतरात डावीकडे झुकायचा. आमच्या पोरांना ते पाठ होतं. नव्या माणसाला मार्करकाका एकदाच सांगायचे, "दोन बोटं उजवीकडे धर." बाहेरगावच्यांना सांगायचे नाहीत. जिल्ह्यातले चांगले चांगले आमच्याकडे येऊन हरून गेले, त्यातले निम्मे त्या दोन बोटांनी हरले.

एकोणीस वर्षांत मार्करकाका गिऱ्हाइकासमोर कधी खेळले नव्हते. त्या रात्री सगळ्यांनी मिळून त्यांच्या हातात स्टिक दिली. समोर पोलिसातला. काकांनी चष्मा पुसला, चॉक लावला, आणि मग तासभर कुणी फारसं बोललं नाही. ते जोरात मारतच नव्हते. प्रत्येक बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन विचार केल्यासारखा थांबायचा आणि मग आत पडायचा. शेवटच्या काळ्यावर त्यांनी दोन बोटं उजवीकडे धरलेली मला दिसली. काळा पडला. टाळ्या झाल्या. काकांनी स्टिक स्टँडला लावली, पाटीवर स्कोअर लिहिला आणि सवयीने विचारलं, "टेबल कोन भरते?"

काकांचा हिशोब मी आदल्या आठवड्यातच केला होता. आमच्यासारख्या एका माणसाच्या दुकानाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागत नाही, पण एकोणीस वर्षं म्हणजे एकोणीस वर्षं. ६० हजार दिले, दोन हप्त्यांत. पुरेसे नव्हते, दोघांनाही माहीत होतं. ते आता गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतात.

उधारीच्या वहीत ११ हजारांवर बाकी होती. मी ती फाडणार होतो, काकांनी फाडू दिली नाही. त्यांनी वहीचे फोटो काढून ज्याचं पान त्याला व्हॉट्सअपवर पाठवले, खाली एक शब्द नाही. चार हजार आले. संक्रांतीच्या सुमारास एक जण पाच किलो तूरडाळ घेऊन घरी आला, नव्या तुरीची, घरच्या जात्यावर भरडलेली. त्याची बाकी २०१९ ची होती, ३४० रुपये. "पैसे नाईत दादा, डाळ चालते का?" चालते की.

टेबलं विकायचं काम मी सर्वात सोपं समजत होतो. जाहिरात टाकली, पहिला फोन आला तो घर बांधणाऱ्याचा. त्याला पाट्या हव्या होत्या, स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी. मी फोन आपटला. दुसऱ्याने विचारलं, स्नूकरचं टेबल कापून दोन होतील का? तिसरा अमरावतीचा, त्याचा स्वतःचा हॉल आहे. तो येऊन वाकून, खाली झोपून, टॉर्च लावून बघून गेला आणि सव्वा लाख म्हणाला. मी दीड म्हटलं, १ लाख ३५ हजारांना ठरलं. काढणं माझ्याकडे, वाहतूक आणि बसवणं त्याच्याकडे. एक पूल टेबल शेजारच्या तालुक्यातल्या ढाबेवाल्याने ३८ हजारांना नेलं. दुसऱ्याचे पाय उधईने खाल्ले होते, ते हलवताना कळलं. कापडाखालचं लाकूड बोटाने भुगा होत होतं. आणि मग महिनाभराने मीच त्या ओटेवाल्याला फोन लावला. तीन पाट्या, साडेचार हजार. तोही बिचारा काही बोलला नाही.

११ जानेवारी, शनिवार. चाचा नागपूरहून सकाळच्या बसने आले. वय सत्तरच्या वर, सोबत नातू आणि खिळे उपसायचं तेच जुनं हत्यार. वीज नव्हती, म्हणून पत्र्याच्या शेडचे दोन्ही दरवाजे उघडून जेवढा उजेड मिळेल तेवढ्यात काम. बाजार समितीतले आठ हमाल सांगून ठेवले होते, माणशी ६०० रुपये. चाचांची मजुरी ९ हजार.

बारा फुटी टेबल सोलतात, असं म्हणायला हरकत नाही. आधी पॉकेटच्या जाळ्या, मग खालून बोल्ट सोडून रबराच्या पट्ट्या. मग कापड. चाचांनी कडेचा एकेक खिळा काढला आणि कापड एका टोकाकडून गुंडाळत आणलं. त्याखालून चॉकची निळी भुकटी उडाली, दरवाजातून येणाऱ्या उन्हात ती बराच वेळ तरंगत राहिली. खाली दगड, करडा, गुळगुळीत, हात लावला तर जानेवारीच्या सकाळी मटक्यासारखा गार. पाच पाट्या, एकीला एक चिकटून. सांध्यात भरलेलं प्लॅस्टर चाचांनी पातळ पात्याने खरवडलं आणि प्रत्येक पाटीवर चॉकने आकडा घातला, एक ते पाच. हे आकडे विसरलात तर दुसरीकडे टेबल कधीच जुळत नाही.

एकेक पाटी दोनशे किलोच्या आसपास. हमाल कापसाच्या गाठी उचलणारे, त्यांना वजनाचं काही नाही, पण ते तिला आडवी धरायला गेले तसे चाचा ओरडले, "खड़ा रखो! लेटाया तो टूटेगा!" पाटी नेहमी उभी, कडेवर. आडवी नेली तर स्वतःच्याच वजनाने मध्ये तडकते. गाडीतही उभीच, खाली गाद्या, मध्ये बारदाना. एक हमाल घाम पुसत म्हणाला, "हे काय खेळाचं सामान होय का मुर्दे?"

तिसरी आणि चौथी पाटी उचलल्यावर खालच्या तुळईवर लेव्हलसाठी सरकवलेल्या चकत्या दिसल्या. पत्त्यांच्या कॅटातली पानं, एक्क्यासकट. सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा. आणि एक कागद, आठ घड्या घातलेला, दाबाने पुठ्ठ्यासारखा झालेला. मी तो उलगडला. घड्यांवर फाटला, पण वाचता येत होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. बाबांचं नाव. अनामत रक्कम रुपये १,५००.

मी चाचांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला. "मोटा कागज माँगा था, बेटा. जेब से निकाल के दे दिया होगा." बस. त्यांच्यासाठी ती चकतीच होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत भुकटीही गेली होती. ८५० रुपये, दोन रविवार आणि आईची बोलणी, सगळं त्या आठ घड्यांत.

सोमवारी पावती वीज ऑफिसात नेली. काउंटरवरच्या पोराने मागच्या टेबलवाल्याला दाखवली, त्याने शेजारच्याला. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, त्या पोराने मंडळाची पावती पहिल्यांदाच पाहिली असावी. पण हमीपत्र फाइलला लागलेलं असल्याने तिची गरज उरली नव्हती. त्याने झेरॉक्स जोडून घेतली आणि मूळ मला परत दिली.

राहिला गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं काम. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला परवाना नाही, नुसती सूचना द्यायची असते. ती बाबा असताना त्यांनी ऑनलाइन दिलेली होती. दुकान बंद केलं की ३० दिवसांच्या आत तेही कळवायचं. मी सेतूवाल्याकडे गेलो, ओटीपी गेला बाबांच्या नंबरवर. तो नंबर मी रिचार्ज केला नव्हता, कधीच बंद झालेला. म्हणून २० जानेवारीला यवतमाळला, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात. मृत्यूचा दाखला, त्या सूचनेच्या पावतीची प्रिंट, अर्ज दोन प्रतींत. पाऊण तासात काम झालं, आणि त्यातला अर्धा तास झेरॉक्सच्या रांगेत गेला. घरातलं माणूस गेल्यावर त्याचा नंबर लगेच बंद पडू देऊ नका. वर्षभर छोटा रिचार्ज मारत राहा आणि तेवढ्या काळात बँक, गॅस, वीज, जिथे जिथे तो नंबर आहे तिथे बदलून घ्या. व्यवसाय कर माझ्या नावाने वर्षाला २,५०० जातोच, त्यामुळे तिथे फक्त दुसरी जागा कमी करायची होती. ते आमच्या टॅक्सवाल्याने पाच मिनिटांत केलं.

एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते: पैसे आले की बोलणारा तो क्यूआरचा डबा. दुकान बंद, डबा कपाटात, आणि खात्यातून त्याचं महिन्याचं भाडं कटत होतं. फेब्रुवारीत पासबुक भरलं तेव्हा दिसलं. डबा परत केल्याशिवाय भाडं थांबत नाही. परत करायला काढला, चार्जिंगला लावला, तर रात्री दहाला तो एकदम बोलला, "चाळीस रुपये प्राप्त झाले." कुणीतरी जुनी बाकी टाकली होती. आई दचकून उठली.

३१ जानेवारीला चावी दिली, १५ हजार मिळाले. ४ मार्चला अंतिम बिल वजा होऊन विजेच्या ठेवीचे ४,९३० खात्यात आले. तेवढ्यावर कागदोपत्री सगळं संपलं. टेबलांचे आणि ओट्याचे मिळून १ लाख ७७ हजार ५०० आले होते. काकांचे, चाचांचे, हमालांचे आणि या फेऱ्यांचे वजा जाता लाखभर उरले. ते आईच्या नावावर टाकले, आणि या वेळी नॉमिनी लिहूनच बँकेतून उठलो.

मार्चच्या मध्यात बियाणं कंपनीच्या मीटिंगला अमरावतीला जाणं झालं. बस सुटायला दीड तास होता, म्हणून त्या हॉलवर गेलो. एसी, काचेचं दार, आणि कोपऱ्यात आमचं टेबल, नव्या कापडात. पाय ओळखले, एका पायावर बाबांच्या सायकलचा ओरखडा तसाच होता. अर्ध्या तासाचे ९० रुपये भरले आणि एकट्यानेच बॉल मांडले. निळा डाव्या मधल्या पॉकेटसमोर आला. हळू मारायचा, आणि दोन बोटं उजवीकडे.

निळा सरळ रेषेत गेला, पॉकेटच्या उजव्या जबड्यावर आपटला आणि परत आला. काउंटरवरचा पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "काका, सरळ मारा. टेबल एकदम लेव्हल आहे आमचं."